टोकाच्या चिंचेपायी जीव नको



फेब्रुवारी-मार्चात धुऱ्यावरच्या चिंचा पाडायला येतात. झाडाचा सौदा उक्ता झाला की चढणारा गडी घाई करतो. खरा धोका असतो शेंड्याच्या बारीक फांदीवर. म्हणून बोलणी करतानाच ठरवा की जाड फांदी सोडून पुढं जायचं नाही. टोकाच्या चिंचा खालून आकडीच्या बांबूनं ओढाव्यात, राहिल्या तर राहू द्याव्यात. त्याचे पैसे मात्र कापू नका.

चढण्याआधी फांद्यांवरचं दव वाळू द्या. आग्या मोहोळ आहे का, ते पाहा. कमरेचा दोर वरच्या जाड फांदीला बांधायला सांगा. विजेची तार जवळून जात असेल तर महावितरणला कळवा. वीज बंद झाल्याशिवाय चढू देऊ नका, बांबूही लावू नका. झाडाखाली पोरं, गुरं नकोत.

आणखी एक. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापतात. अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. गड्यानं हा अर्ज भरला आहे का, विचारा. नसेल तर झाडावर चढवण्याआधी त्याला बँकेत घेऊन जा.