स्वागताध्यक्षांचे भाषण



खाजगी रुग्णालयांची मक्तेदारी आणि त्यांच्या दरांवरील निर्बंध यांचा विचार करण्यासाठी आपण मिरजेस आलात, हे या नगरीचे भाग्य होय. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे इस्पितळ उघडले, तेव्हापासून पार कर्नाटकातला रुग्णही मिरजेची वाट धरू लागला. आजही पहाटेच्या गाडीतून एक्स-रेचे पाकीट छातीशी धरून उतरणारा नातलग दिसला की अभिमानाबरोबर काळजीनेही मन भरून येते.

परंतु त्याही आधीपासून मिरजेचे नाव दूरवर नेणाऱ्या सतारमेकरांचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांस हात घातला. आजही पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळवलेला भोपळा घेऊन त्यातून तंबोरा घडविणारा, आणि तार बोलू लागेपर्यंत जवारी काढीत बसणारा कारागीर, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ जेथे चिरविश्रांती घेत आहेत त्या दर्ग्याच्या परिसरात आपणांस भेटेल. तेथे गिऱ्हाईक तार छेडून पाहते, भाव विचारते, न पटल्यास शेजारचे दुकान गाठते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसास ही मुभा नसते, म्हणून केवळ स्पर्धेने दर उतरतील, ही आशा मला फोल वाटते.

शासनाने २०१७ साली औषधी लेप असलेल्या हृदयाच्या स्टेंटची किंमत सुमारे ३०,००० रुपयांवर बांधली, हे उत्तम झाले. पण एका वस्तूचा भाव बांधला की भार बिलाच्या दुसऱ्या रकान्यात सरकू शकतो, तिकडेही नजर हवी. शुश्रूषागृहांच्या १९४९ च्या कायद्याखालील नियमांत २०२१ साली दरपत्रक दर्शनी लावण्याची तरतूद झाली, धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बलांसाठी दहा टक्के सवलतीच्या आहेत. या तरतुदींची अंमलबजावणी दाखल होणाऱ्याला दारातच दिसावी, एवढीच माझी विनंती आहे.

आपल्या स्वागताच्या व्यवस्थेत उणिवा राहिल्या. २०१६ साली तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी पाठविणाऱ्या या गावात आज आपल्या निवासस्थानी पाणी उशिरा पोहोचले, याचे मला मनस्वी दुःख आहे. गाद्या अपुऱ्या पडल्या, त्याबद्दलही क्षमा असावी. धान्य देणारे व्यापारी, मंडप उभारून भाडे न घेणारे गृहस्थ, नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणारे डॉक्टर आणि रात्रभर स्थानकावर थांबलेले विद्यार्थी यांचे ऋण मोठे आहे. भोजनोत्तर सतारमेकर गल्लीकडे नेण्यासाठी स्वयंसेवक दाराशी उभे राहतील.