अध्यक्षाची तटस्थता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सभा कशी चालवावी याचे नियम सर्वांना ठाऊक आहेत. अध्यक्षाने वेळ सांभाळावी, वक्त्यांना क्रमाने बोलू द्यावे, वैयक्तिक टीका होऊ देऊ नये आणि स्वतः कोणाचा कैवार घेऊ नये. संप पुढे चालवावा की मागे घ्यावा, अमुक ठरावाला पाठिंबा द्यावा की नाही, अशा प्रश्नांना हे नियम पुरतात. कारण ते प्रश्न अखेर मूल्यांचे आणि हितसंबंधांचे असतात व हात वर करून त्यांचा निकाल लागू शकतो. परंतु एखादे औषध रोग बरा करते काय, जन्मवेळेच्या ग्रहस्थितीवरून मुलाची बुद्धी कळते काय, हे प्रश्न हात वर करून सुटत नाहीत. सभेतील नव्व्याण्णव माणसे एका बाजूला असली तरी वस्तुस्थिती त्यांच्या बाजूला जात नाही. अशा चर्चेत अध्यक्षाने तटस्थ राहावे म्हणजे नेमके काय करावे, हा प्रश्न म्हणूनच बारकाईने पाहण्याजोगा आहे.

माणसामाणसांत तटस्थ राहणे हे त्याचे कर्तव्यच होय. प्राध्यापकाला दहा मिनिटे आणि शेतमजुराला दोन, असे करता येणार नाही. परंतु विधानाविधानांत तटस्थ राहणे ही निराळी गोष्ट आहे. एका बाजूला शेकडो प्रयोगांनी तावून सुलाखून निघालेले विधान आणि दुसऱ्या बाजूला काल कोणाला तरी सुचलेली कल्पना, अशी दोन्ही एकाच तागडीत समसमान मांडणे याला निःपक्षपात म्हणत नाहीत. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या नियामक मंडळाने स्टीव्ह जोन्स या आनुवंशशास्त्रज्ञाकडून आपल्या विज्ञानविषयक कार्यक्रमांची तपासणी करवून घेतली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात हाच दोष दाखवला होता. ज्या प्रश्नांवर शास्त्रज्ञांत जवळजवळ एकमत आहे, तेथेही समतोलाच्या नावाखाली विरोधी मताला बरोबरीचे स्थान दिले जाते आणि त्यामुळे नसलेला वाद असल्याचा भास ऐकणाऱ्यांना होतो, असा त्याचा आशय होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक परिचित गोष्ट दिसेल. एखादे बिनबुडाचे विधान करण्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. ते खोडून काढण्याला मात्र वेळ, अभ्यास, कधी प्रयोगशाळा आणि पैसाही लागतो. कारखानदार सांडपाणी नदीत सोडतो आणि नदी साफ करण्याचा भार गावावर पडतो, तसाच हा व्यवहार आहे. आज हातातल्या मोबाइलवरून एक वाक्य क्षणात लक्षावधी लोकांपर्यंत जाते, त्यामुळे हा खर्च टाकून देणे पूर्वीपेक्षाही सोपे झाले आहे. म्हणून अध्यक्षाचे पहिले काम हे की जो दावा करतो त्याच्याकडेच त्याच्या सिद्धतेचा भार ठेवावा. “हे खोटे आहे असे तुम्ही सिद्ध करा” या वाक्याने तो भार अलगद दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, आणि बहुतेक सभांत ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हे काम किती सभ्यपणे आणि किती नेटकेपणे करता येते याचे एक उदाहरण पुण्यातच आहे. त्याचा जेवढा अभ्यास व्हायला हवा होता तेवढा झालेला नाही. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः पूर्वी ज्योतिषाचा अभ्यास व व्यवसाय केलेले प्रकाश घाटपांडे या चौघांनी ज्योतिषाची एक चाचणी योजली. ज्योतिष खरे की खोटे, असा भलामोठा प्रश्न त्यांनी घेतलाच नाही. कुंडलीवरून बुद्धिमत्तेविषयी सांगता येते, एवढा एकच दावा त्यांनी निवडला. १०० हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुले यांच्या जन्मतपशिलावरून २०० कुंडल्या तयार केल्या. त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील यदृच्छया निवडलेल्या ४० कुंडल्या पाठवायच्या आणि कोणती कोणत्या गटातील हे त्याने कळवायचे. ४० पैकी २८ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर तो उत्तीर्ण, हे आधीच जाहीर केले होते.

२८ हा आकडा का? नाणे उडवून उत्तरे लिहिली तरी सरासरी २० बरोबर येतील. २८ वा त्याहून अधिक येण्याचा संभव हजारात सुमारे आठ एवढाच असतो. म्हणजे नुसत्या नशिबाने पार होणे कठीण, परंतु ज्याला खरोखरच काही कळते त्याला अवघड नाही, अशी ही उंची होती. दहापैकी तीन चुका माफ होत्या. कोणतीही विद्या इतकी सवलत मिळाल्यावर तक्रार करू शकणार नाही.

५१ ज्योतिषांनी कुंडल्यांचे संच मागवले. उत्तरे आली २७ जणांची. सर्वांत अधिक बरोबर उत्तरे देणाऱ्याची संख्या २४ होती; २८ ला कोणीही पोचला नाही. सर्वांचे मिळून यशाचे प्रमाण शेकडा ४६ पडले. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या मागवल्या होत्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली, म्हणजे शेकडा ५१. नाणे उडवून यापेक्षा फारसे वेगळे घडले नसते. हे सारे २००९ च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. २७ जण नुसतीच नाणी उडवत असते, तरी त्यांतील एखादा २८ गाठण्याची शक्यता ढोबळमानाने पाचात एक होती. तसे झाले असते तर काय? वर्तमानपत्रांनी त्या एकाचे छायाचित्र छापले असते आणि उरलेल्या २६ जणांना कोणी विचारले नसते. चांगल्या अध्यक्षाने अशा वेळी त्या गृहस्थाचे अभिनंदन करून त्याच्यापुढे नव्या ४० कुंडल्या ठेवायला हव्यात. ज्याला कळते त्याला दुसऱ्यांदाही कळेल. ‘मला गुण आला’ म्हणून सभेत उभा राहणारा माणूस हा नेहमीच २७ पैकी तो एक असू शकतो. तो खोटे बोलत नसतो. पण गुण न आलेले सभेत उभे राहत नाहीत, आणि कित्येक दुखणी काहीही न करता आपोआप उतरतात, हे त्याला दिसत नसते.

अशा चाचण्यांनंतर ज्या सबबी ऐकू येतात त्या मोठ्या बोधप्रद असतात. जन्मवेळा अचूक नसतील. खरे जाणकार यात उतरलेच नाहीत. कुंडलीबरोबर माणूस समोर बसावा लागतो. यांतील प्रत्येक आक्षेप चाचणीपूर्वी घेतला असता तर तो विचारात घेण्यासारखा होता. निकाल लागल्यानंतर घेतलेला तोच आक्षेप पळवाट ठरतो. तेव्हा चर्चा सुरू होण्यापूर्वीच अध्यक्षाने उभय पक्षांना विचारावे: कोणती गोष्ट घडली तर आपण आपले मत सोडाल? या प्रश्नाला ‘काहीही घडले तरी सोडणार नाही’ असे प्रामाणिक उत्तर आले, तर त्या माणसाचा मान राखून त्याला खाली बसवता येते, कारण चर्चा करण्याजोगे त्याच्यापाशी काही उरलेले नसते.

हा प्रश्न विवेकवाद्यांनाही विचारला पाहिजे. पुण्याच्या चाचणीने ‘ज्योतिष संपूर्णतः खोटे ठरले’ असे व्यासपीठावरून म्हणणारा कार्यकर्ता चाचणीच्या निष्कर्षाला ताणतो. त्या चाचणीने एक विशिष्ट दावा फेटाळला, एवढेच. आपल्याला आवडणारा निष्कर्ष निघाला म्हणून हिशेबात सैलपणा आणायचा, ही सवय ज्योतिषाची असो की पुरोगाम्याची, सारखीच त्याज्य होय.

गॅलिलिओचे नाव तर अशा सभांत हमखास निघते. ‘त्यालाही वेड्यात काढले होते’ असे म्हणणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही की ज्यांना वेड्यात काढले त्यांतील फारच थोडे गॅलिलिओ निघाले. पोटातील व्रण ताण आणि आम्ल यांमुळे होतात असे वैद्यकशास्त्र मानीत असता, ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागे एक जिवाणू असल्याचे सांगितले. त्यांची टिंगल झाली. १९८४ साली मार्शल यांनी तो जिवाणू स्वतःच पिऊन घेतला आणि त्यांच्या जठराला दाह झाला. पुढे रुग्णांवरील चाचण्यांनी तो विचार स्थिरपद झाला व २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा विजय पुराव्यामुळे झाला, टिंगल झाल्यामुळे नव्हे. अशा माणसाला बोलू न देणारा अध्यक्ष जितका अपराधी, तितकाच त्याच्याकडे पुरावा न मागणाराही.

अध्यक्षाच्या हातूनही चुका होतात. १९८८ च्या जूनअखेर ‘नेचर’ या नियतकालिकाने फ्रान्समधील जाक बेनव्हेनिस्त यांच्या प्रयोगशाळेचा एक निबंध छापला. प्रतिद्रव्य इतके विरल केले की पाण्यात त्याचा एकही रेणू उरणे शक्य नाही, तरीही रक्तातील विशिष्ट पेशींवर त्याचा परिणाम होतो, असे त्यात म्हटले होते. होमिओपॅथीच्या समर्थकांना अर्थातच आनंद झाला. संपादक जॉन मॅडॉक्स यांनी शंका नोंदवून आणि आपल्या पथकाला तपासणी करू द्यावी या अटीवर निबंध छापला. पथकात ते स्वतः, वॉल्टर स्ट्युअर्ट हे शास्त्रज्ञ आणि जेम्स रँडी हे जादूगार होते. पॅरिसजवळच्या क्लामार येथे कोणत्या नळीत काय आहे याची यादी लिफाफ्यात घालून, तो प्रयोगशाळेच्या छताला चिकटवण्यात आला. मोजणी करणाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हते. अशा तीन प्रयोगांत तो परिणाम नाहीसा झाला. निबंधाच्या दोन सहलेखकांचे वेतन होमिओपॅथीची औषधे बनवणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारातून येत होते, हेही पथकाने नमूद केले. जुलैअखेर अहवाल छापला गेला, आणि बेनव्हेनिस्त यांनी ही छळवणूक असल्याचा प्रत्यारोप केला.

लिफाफ्याची युक्ती अचूक होती. परंतु आधी छापायचे आणि मग तपासायचे, हा क्रम उलटा होता. तपासणी आधी झाली असती तर एका माणसाला जगापुढे आरोपीसारखे उभे राहावे लागले नसते, आणि ‘शास्त्रज्ञांनी कट केला’ ही आजही सांगितली जाणारी कथा जन्मली नसती.

पैशाचा उल्लेख आलाच आहे, तर भांडवलाला चुकीच्या तर्काचा काय उपयोग असतो हेही पाहावे. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध उघड होऊ लागला तेव्हा ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकन तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत निवेदन छापले. सिगारेट निर्धोक आहे असे सिद्ध करण्याची त्यांना गरजच नव्हती. प्रश्न अजून अनिर्णीत आहे, अधिक संशोधन व्हायला हवे, दोन्ही बाजू ऐकाव्यात, एवढे लोकांना वाटत राहिले की दुकान चालू राहत होते. समतोलाची भाषा येथे थेट नफ्यात जमा होते.

आणि पुरावा मागणाऱ्याला काय मोजावे लागते? पुण्याच्या त्या चौघांपैकी दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला गेले असता ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर गोळ्या झाडून खून झाला. २०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. इतर तीन आरोपी निर्दोष सुटले. जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हयातीत होऊ शकला नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर चार दिवसांत त्याचा वटहुकूम निघाला.

या चळवळीचा इतिहास सांगताना १९८१ च्या एका वादाचाही उल्लेख केला पाहिजे. त्या वर्षी मुंबईच्या नेहरू सेंटरतर्फे वैज्ञानिक दृष्टिकोनाविषयी एक निवेदन प्रसिद्ध झाले. आशीष नंदी यांनी त्याला प्रतिनिवेदनाने उत्तर दिले आणि विज्ञानाच्या नावाने सामान्यांवर सत्ता गाजवली जाते असा आरोप केला. विज्ञानाच्या पद्धतीविषयी नंदींचे म्हणणे मान्य होण्यासारखे नाही, पण विज्ञानाच्या प्रवक्त्यांविषयीचे बरेचसे खरे आहे. सरकारी दवाखान्यात दिवसभर रांगेत बसून डॉक्टरने दोन मिनिटेही न ऐकलेली बाई संध्याकाळी भगताकडे जाते, कारण तो तिचे अर्धा तास ऐकतो. तिला सभेत ‘अडाणी’ म्हणणारा वक्ता अध्यक्षाने तेथल्या तेथे थांबवावा. तिच्या विधानाची चिकित्सा व्हावी, तिची स्वतःची नव्हे. भगताकडे गेलेल्या इतर किती जणांना गुण आला आणि किती जणांना आला नाही, हे तिलाच आठवून सांगू द्यावे. वाडीतली माणसे ती चांगली ओळखते. ती यादी तिच्याइतकी अचूक दुसरे कोणी करू शकणार नाही. आणि यादी फळ्यावर लिहून होईपर्यंत डॉक्टरवक्त्याला बोलायला उठवू नये.