धुराला वाट हवी

आमच्या घोरावाडीत पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. लोकलमधून उतरून घरी पोहोचेपर्यंत छत्री दोनदा उलटी होते. अशाच एका पावसाळी रविवारी माझा भाचा पुण्याहून गॅसवर चालणारं ग्रिल घेऊन आला. "मामी, आता भाजलेल्या कणसासाठी लोणावळ्याच्या गर्दीत शिरायला नको," म्हणाला. मला वाटलं, हे एक नवीन खूळ! घरात शेगडी आहे, जाळी आहे, चिमटा आहे, आणखी काय हवं?

गच्चीवर मांडामांड झाली आणि पावसाची सर आली. आम्ही ते धूड उचलून गॅलरीत आणलं, काचा सरकवून घेतल्या आणि कणसं चढवली. पंधरा-वीस मिनिटांत माझं डोकं जड झालं. भाच्यालाही मळमळू लागलं. आतून सासूबाई आल्या. अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलेली बाई. "अरे, धुराला वाट कुठाय?" मी म्हटलं, "आई, गॅसला कुठे धूर असतो?" त्यांनी उत्तर न देता काचा उघडल्या, बटणं बंद करायला लावली आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

त्यांचंच बरोबर होतं. कोंडलेल्या जागेत हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडर गळला तर आपल्याला कळतं, कारण त्या गॅसमध्ये उग्र वासाचं इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. या विषाला तशी खूण नाही. म्हणून मंडळी, ग्रिल उघड्यावरच. पाऊस आला तर बेत पुढे ढकला, ग्रिल आत ओढू नका.

आणखी एक. पेटवताना झाकण उघडं हवं. बंद झाकणाखाली गॅस साठला तर भडका थेट तोंडावर येतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचून राहतो. नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत! घरात वास आलाच तर रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करायचा.

आता रांधण्याकडे वळू. निखाऱ्याची धग कोरडी असते. गॅस जळताना मात्र वाफही तयार होते, म्हणून गार जाळीवर ठेवलेला जिन्नस भाजण्याऐवजी घामेजतो. ग्रिल पेटलं की झाकण लावून दहा मिनिटं जाळी सणसणीत तापवावी. तेल जाळीला नाही, जिन्नसाला लावावं. दोन बर्नर असतील तर एकच पेटवा. एका बाजूला रंग आणायचा, दुसरीकडे झाकणाखाली आतपर्यंत शिजवायचं. कोंबडीला हे फारच गरजेचं, नाहीतर वरून काळी, आतून कच्ची. मसाल्यात गूळ किंवा मध असेल तर तो शेवटी लावा, लवकर करपतो.

कणीस सालासकट अर्धा तास पाण्यात ठेवावं, सालातच भाजावं आणि मग साल सोलून दोन मिनिटं थेट आचेवर धरावं. वांग्याला टोचे मारायला विसरू नका. मी एकदा विसरले, तेव्हा ते फुटलं आणि भिंतीवर भरीत झालं! भाजल्यावर पातेल्यात झाकून ठेवलं की साल आपोआप सुटते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे ते कपाशीच्या काड्यांवर भाजतात. तो धुरकट वास गॅसवर येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. फार तर भरितात तापलेला निखारा वाटीत ठेवून वर तुपाची धार सोडावी आणि पाच मिनिटं झाकावं.

पुढच्या रविवारी पाऊस नव्हता. ग्रिल गच्चीवरच राहिलं. सासूबाईंना दात नाहीत, म्हणून मी कणसाचे दाणे काढून जाडसर वाटून दिले. दोन घास खाऊन त्यांनी भाच्याला विचारलं, "सिलिंडर बंद केलास ना रे?" तो निमूटपणे उठून पाहायला गेला.