मालमोटारीचा वाटाड्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मालवण येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह आणि पतपेढी यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आज मी मालमोटारीत बसवावयाच्या वीतभर यंत्राविषयी बोलणार आहे, याचे काहींस नवल वाटेल. परंतु ज्या घरांतील आजोबांनी गलबतावर तांडेलकी केली, त्याच घरांतील नातू आज ट्रक चालवीत आहेत. मालवणची मासळी, देवगडचा हापूस आणि आपल्या कातळावरील जांभ्या दगडाचे चिरे त्यांच्याच हातून घाटावर जातात. बर्फ वितळण्यापूर्वी बाजार गाठावयाचा असतो, आणि गाडी परत येईपर्यंत घरातील माणसांच्या डोळ्यांस डोळा लागत नाही. तेव्हा हा विषय ड्रायव्हरांइतकाच त्यांच्या मातापित्यांचा आणि गृहिणींचाही आहे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. पृथ्वीपासून सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरत असतात. त्यांतील अत्यंत अचूक घड्याळे सतत वेळेचे संदेश धाडतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती अवधीने पोहोचले, यावरून आपल्या हातातील यंत्र स्वतःचे स्थान काढते. या योजनेतील पहिला उपग्रह 1978 साली सोडण्यात आला. सामान्य जनतेस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता मे 2000 मध्ये दूर झाली, आणि तेव्हापासून या विद्येचा रस्त्यावर खरा उपयोग होऊ लागला. भारतानेही 2013 पासून स्वतःचे उपग्रह सोडण्यास आरंभ केला व 2016 साली त्या योजनेस ‘नाविक’ हे नाव दिले. दर्यावर्दी समाजास हे नाव ऐकून संतोष वाटेल.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. उपग्रह फक्त ‘तू कोठे आहेस’ एवढेच सांगतो. ‘कोणत्या वाटेने जा’ हे यंत्रातील नकाशा सांगतो. उपग्रह सहसा चुकत नाही. नकाशा मात्र माणसाने केलेला असतो, आणि तो कोणत्या वाहनासाठी केला आहे यावर सारे अवलंबून असते. आपल्यापैकी कित्येकांच्या नौकांवर जीपीएस आहे. समुद्रावर स्थान कळले की बरेचसे काम भागते, कारण तेथे गल्ल्या नाहीत. जमिनीवर तसे नाही. नौकेवरील यंत्राचा अनुभव ट्रकसाठी पुरेसा आहे, असे कोणी समजू नये.

आपल्या खिशातील मोबाईलवर जो नकाशा असतो, तो मोटार, दुचाकी की पायी, एवढेच विचारतो. गाडीची उंची किती, वजन किती, हे तो विचारीत नाही. तीन आसांच्या ट्रकचे मालासह वजन, 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे, 28.5 टनांपर्यंत असू शकते. मोटारीस योग्य असलेली वाट अशा गाडीस योग्य असेलच असे नाही. आपल्या जिल्ह्यात व्हाळावरचे साकव आहेत, दोन्ही बाजूंस गडग्यांनी आवळलेले रस्ते आहेत. तारकर्लीहून देवबागेस जाणारा रस्ता एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी यांच्यामधून जातो आणि पुढे भूमीच संपते. तेथे शिरलेल्या मोठ्या ट्रकास वळावयास जागा कोठून मिळणार? पाच मिनिटे वाचविण्यासाठी नकाशाने दाखविलेली आडवाट ट्रकवाल्याची सारी रात्र खाऊ शकते.

यास्तव निवडीची पहिली कसोटी हीच: जे यंत्र गाडीची उंची, रुंदी, लांबी व वजन विचारीत नाही, ते ट्रकचे यंत्र नव्हे. परदेशांत गार्मिन, टॉमटॉम, रँड मॅकनॅली अशा कंपन्यांनी खास ट्रकसाठी यंत्रे काढली आहेत. ती आपली मापे घेतात आणि बुटक्या पुलाखालची किंवा दुर्बळ पुलावरची वाट टाळतात. परंतु तिकडे राहणाऱ्या नातलगाने असे यंत्र भेट म्हणून आणले, तर त्यात भारताचा नकाशा आहे काय आणि त्या नकाशात आपल्या पुलांची भारमर्यादा नोंदली आहे काय, हे आधी पाहावे. नोंद नसेल, तर मापे विचारूनही ते मोटारीचीच वाट दाखवील.

दुसरी कसोटी रेंजची. उपग्रहाचा संदेश मोबाईलच्या रेंजवाचून मिळतो, पण पुष्कळ अ‍ॅपना नकाशा उतरवून घेण्यास रेंज लागते. आंबोली, फोंडा, करूळ किंवा भुईबावडा घाटात, विशेषतः पावसाळी धुक्यात, रेंज गेली की पडदा कोरा होतो. म्हणून सबंध महाराष्ट्र, गोवा व कर्नाटकाचा नकाशा यंत्रातच साठविता आला पाहिजे, आणि तो वरचेवर नवा करण्याचा खर्च किती, हेही आधीच विचारावे.

तिसरी कसोटी विजेची व बैठकीची. मोटारीची वीज 12 व्होल्टची असते, मोठ्या ट्रकची 24 व्होल्टची. दोन्ही चालणारा चार्जर नसेल तर यंत्र जळण्याचा संभव असतो. काचेमागे उन्हात ठेवलेला साधा मोबाईल वैशाखात तापून बंद पडतो. स्वतंत्र यंत्र घेण्याचे हे एक सबळ कारण आहे. पडदा निदान सात इंची असावा, आवाज इंजिनच्या घरघरीवर चढणारा असावा आणि तो ड्रायव्हरला कळणाऱ्या भाषेत बोलावा. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमान्वये गाडी चालविताना मोबाईलचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठी, आणि तोही चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने करण्यास मुभा आहे. म्हणून पत्ता निघण्यापूर्वीच भरावा. घाटात बोटे पडद्यावर नसावीत.

येथे मालकवर्गास एक विनंती आहे. गाडी कोठे आहे हे मालकास कळविणारी पेटी वेगळी आणि ड्रायव्हरास वाट दाखविणारे यंत्र वेगळे. पहिल्याने देखरेख होते, दुसऱ्याने साह्य. पहिले बसवून दुसऱ्याची जबाबदारी फिटत नाही. आणि यंत्र दुकानात मालकाने एकट्याने पसंत करू नये. आपल्या ओळखीच्या वाटेवर, म्हणजे कसाल, कणकवली, फोंडा, राधानगरी या मार्गाने कोल्हापूरपर्यंत ड्रायव्हराने ते चालवून पाहावे. ज्या वाटेचे वळण न् वळण आपणांस पाठ आहे, त्या वाटेवर जे चुकते, ते अनोळखी मुलखात काय करील, याचा अंदाज तेथेच येतो.

आता या यंत्राची मर्यादा सांगतो. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात नकाशाच्या आधारे निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर जाऊन बुडाली व तिच्या चालकाचा अंत झाला. 24 नोव्हेंबर 2024 रोजी बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार रामगंगेच्या पात्रात कोसळून तिघे दगावले. नकाशा त्यांना त्या पुलावर घेऊन गेल्याचे वृत्त होते. आपल्याच महामार्गावर 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या रात्री जगातील कोणत्याही नकाशात तो पूल उभाच होता. करूळ घाट 2024 साली रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता. अशी बातमी नकाशाच्या आधी कणकवली-तळेऱ्याच्या चहाच्या टपरीवर पोहोचते.

आपले तांडेल होकायंत्र बाळगीत. पण पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा आणि किनाऱ्यावरील डोंगराची खूण पाहिल्यावाचून केवळ सुईच्या भरवशावर ते खडकांत शिरत नसत. मालवण बंदराचे खडक ज्यांस ठाऊक आहेत, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. तोच विवेक आज ट्रकमध्ये हवा. पुराचे पाणी दिसले, रस्ता अकस्मात अरुंद झाला, की यंत्र काहीही म्हणो, गाडी थांबवावी व माणसास विचारावे. उशीर झाला म्हणून मालकाने अशा ड्रायव्हरास बोल लावू नये. मासळीचे नुकसान भरून निघते.

शेवटी मंडळास एक सूचना करून मी आपली रजा घेतो. आपल्या ड्रायव्हरांजवळ जे ज्ञान आहे, ते कोणत्याच यंत्रात नाही. कोणता साकव किती भार सोसतो, कोणत्या वळणावर लांब गाडी अडते, कोठे दरड येते, हे सारे त्यांना ठाऊक असते. मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी, प्रत्येकाने खेपेहून परतल्यावर तारखेसह त्यात दोन ओळी लिहाव्यात, आणि पावसाळ्यापूर्वी तिच्या प्रती ट्रक असलेल्या प्रत्येक घरी पोहोचवाव्यात. यंत्र विकत मिळते. ही वही आपणांसच लिहावी लागेल.