चित्रकाराचा डावा हात

संगणकाच्या पडद्यावर चित्र रंगविणाऱ्याचा उजवा हात लेखणीवर असतो. डावा हात काय करतो, हें पाहिलें म्हणजे काम कां रखडतें याचा उलगडा होतो. पुष्कळदां तो मांडीवर निवांत पडलेला असतो. कुंचला बदलावयाचा, रंग उचलावयाचा, आकार लहान करावयाचा, अशा प्रत्येक वेळीं उजवाच हात चित्र सोडून पडद्याच्या कडेला जातो, तेथली बारीक खूण हुडकतो आणि परत येतो.

१९५४ सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, लक्ष्य जितकें दूर व जितकें लहान, तितका हाताला तेथें पोंचण्यास वेळ अधिक. पडद्याच्या कडेवरील खुणा दूरहि असतात आणि लहानहि. परंतु मोठा तोटा वेळेचा नव्हे, दृष्टीचा होय. गालावरील छाया कोठें विरावी, हें डोळ्यांनीं नुकतेंच हेरलेलें असतें. नजर कडेला जाऊन येईपर्यंत तें हरवतें.

यावरील उपाय जुनाच आहे. १९६३ सालीं आयव्हन सदरलँड यांनीं एम. आय. टी. या संस्थेंत सिद्ध केलेल्या ‘स्केचपॅड’वर काम करतांना एका हातांत प्रकाशलेखणी असे व दुसरा हात बटणांवर. पेटी वाजविणाऱ्याचा एक हात सुरांवर आणि दुसरा भात्यावर असतो, तशीच ही वांटणी.

आजच्या फोटोशॉपमध्यें ‘बी’ कळ दाबली कीं कुंचला येतो, ‘ई’ दाबली कीं खोडरबर. कुंचला चालूं असतां ‘आल्ट’ धरून चित्रास स्पर्श केला, तर तेथला रंग उचलला जातो. क्रिटामध्यें हेंच काम ‘कंट्रोल’ करतें. परंतु सर्वच तयार कळा डाव्या बोटांच्या आटोक्यांत नाहींत. कुंचला लहान-मोठा करणाऱ्या चौकटी कंसाच्या कळा कळफलकाच्या उजव्या बाजूस आहेत. लिओनार्दो दा विंचीनें चित्रकारांस आपलें चित्र आरशांत पाहण्याचा सल्ला दिला होता, कारण उलट्या प्रतिमेंत चुका चटकन दिसतात. क्रिटामध्यें ‘एम’ दाबल्यानें चित्र तसें उलटें दिसतें. ती कळहि उजवीकडेच.

म्हणून कळा स्वतः नेमाव्या. त्याची सोय फोटोशॉपच्या ‘एडिट’ आणि क्रिटाच्या ‘सेटिंग्ज’ या सूचींत आहे. आधीं एक दिवस काम करतांना हात चित्र सोडून कशासाठीं गेला, तें प्रत्येक वेळीं कागदावर टिपावें. ज्या पांच-सहा आज्ञा वारंवार आलेल्या दिसतील, तेवढ्यांनाच डाव्या बोटांखालच्या कळा द्याव्या. डावखुऱ्यानें हीच मांडणी उजव्या बाजूस करावी. पुढें महिनाभर तींत फेरफार करूं नये. कळेची जागा बोटांना पाठ व्हावी लागते. पन्नास कळा नेमणाऱ्यास त्या आठवाव्या लागतात, आणि आठवणें म्हणजे पुन्हा चित्रापासून दूर जाणेंच.

कळांनीं हात चपळ होतो. तेवढ्यानें चित्र चांगलें होतें असें नाहीं. मात्र डावा हात आपलें काम न पाहतां करूं लागला, म्हणजे डोळे चित्रावरून हलत नाहींत, आणि गालावरची ती छाया जेथें विरावयाची तेथेंच विरते.