द्राक्षवेलीचें कुळ

काळा समुद्र व कॉकेशस पर्वत यांच्या कुशींत वसलेला जॉर्जिया हा देश विस्तारानें महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहूनहि लहान आहे. परंतु द्राक्षांच्या बाबतींत त्याची श्रीमंती मोठमोठ्या राष्ट्रांना लाजविणारी आहे. सुमारें ५०० देशी जातींची तेथें नोंद आहे. त्यांपैकीं तांबड्या मद्याकरितां सापेरावी व पांढऱ्याकरितां रकात्सितेली या विशेष प्रसिद्ध. सापेरावीच्या सालीप्रमाणें गरहि रंगीत असतो. म्हणून तिचें मद्य गडद उतरतें. तेथील प्राचीन मडक्यांच्या खापरांवर द्राक्षमद्याचे अंश सांपडले असून त्यांचा काळ इसवी सनापूर्वीं ६००० च्या सुमाराचा ठरला आहे. हें संशोधन २०१७ सालीं प्रसिद्ध झालें.

परभणीकडील श्रोत्यांस तेथील रीत अगदींच परकी वाटूं नये. मराठवाड्यांत पूर्वीं ज्वारी जशी पेवांत ठेवीत, तसे जॉर्जियांतील शेतकरी मातीचे मोठे अंडाकृति रांजण गळ्यापर्यंत जमिनींत पुरतात. त्यांस ‘क्वेव्री’ म्हणतात. रस, साली व बिया त्यांत एकत्र घालतात. आंबण्याची क्रिया झाली म्हणजे तोंड बंद करून पांच-सहा महिने तें मुरूं देतात. भूमीचा गारवा हेंच तेथील यंत्र. युनेस्कोनें २०१३ सालीं या विद्येची मानवजातीच्या वारशांत गणना केली.

मद्याची भलामण करणें हा येथें हेतु नाहीं. प्रश्न आहे तो वेलीच्या कुळाचा. सोव्हिएत अमदानींत भरघोस पीक देणाऱ्या मोजक्या जातींवरच भर देण्यांत आला आणि कितीतरी देशी जाती मळ्यांतून हद्दपार झाल्या. पुढें त्या शोधून जिघौरा येथील संग्रहबागेंत जतन करण्यांत आल्या, म्हणून वांचल्या.

मराठवाड्यासहि द्राक्षांची परंपरा आहे. चौदाव्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता यानें दौलताबादेस वर्षांतून दोनदां येणाऱ्या द्राक्षांचा उल्लेख केला आहे. महाराष्ट्रांतील जुन्या बागांत भोकरी, फकडी, पंढरी साहेबी अशा जाती होत्या. १९६० नंतरच्या काळांत बिनबियांची थॉमसन सीडलेस पसरली, आणि तिच्यांतूनच निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांनीं मळे व्यापिले. यांत बागाईतदाराचा दोष नाहीं; गिऱ्हाईक मागेल तेंच त्यास लावावें लागतें. परंतु एकाच कुळाचा मळा झाला, म्हणजे एकाचें दुखणें साऱ्यांस गांठतें.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतून आलेल्या फायलोक्सेरा किडीनें युरोपांतील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. तेव्हां उपयोगी पडलीं तीं अमेरिकेंतील रानवेलींचीं मुळें! त्यांच्यावर कलमें बांधून युरोपचे मळे पुन्हां उभे राहिले. महाराष्ट्रांतहि डॉगरिज या अमेरिकन खुंटावर कलम करतात, कारण तो अवर्षण व खारवट पाणी सोसतो. ज्या वेलीच्या फळास बाजारांत कोणी विचारीत नव्हतें, तिनेंच गोड फळाच्या वेलीस तारलें.

परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे, आणि दुष्काळाची ओळख तर त्याहून जुनी आहे. अशा मुलखांत मळ्याच्या कडेस जुन्या जातीच्या चार वेली राखणें ही हौस नव्हे. बियाण्याची कणगी राखण्यासारखाच तो शहाणपणा आहे.