सलामीमागील शिकवण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षीणबाई, मंडळाच्या भगिनींनो आणि पुढच्या सतरंजीवर ताठ बसलेल्या माझ्या छात्रांनो,

वर्धापनदिनाला गाणी, नाटुकले आणि फराळ यांच्या जोडीला एक भाषणही असावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. भाषण लांबले की चहा गार होतो, हेही आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. तेव्हा मी बेतानेच बोलेन.

विषय मी मागून घेतला आहे : लष्करी रीतिरिवाज, आणि त्यांतून आपल्या मुलींनी काय घ्यावे. महिला मंडळात हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल. त्याचे कारण असे की, शाळेच्या एन. सी. सी. पथकात नाव घालायला मुली रांग लावतात आणि शिबिराची तारीख जवळ आली की त्यांच्या आया मला भेटायला येतात. "बाई, दहा दिवस घराबाहेर? अभ्यासाचे काय? उन्हात पोर काळवंडेल. आणि मुलीच्या जातीला हे दाहिने-बाएँ शिकून करायचे काय?" हे प्रश्न काळजीपोटी येतात, म्हणून मी त्यांना हसत नाही. आज त्यांचेच उत्तर द्यायचे आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगते. राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १९४८ साली झाला आणि लगेच १९४९ साली मुलींचा विभाग सुरू झाला. त्याच १९४९ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरूंच्या हस्ते खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसली. म्हणजे मुलींची छात्रसेना आणि प्रबोधिनीची इमारत एकाच वर्षाची. पण छात्रसेनेतील मुलीला त्या इमारतीत विद्यार्थिनी म्हणून पाऊल ठेवायला किती काळ लागला? १९९२ पासून स्त्रियांना सैन्यात वैद्यकीय आणि परिचर्येच्या शाखांखेरीज इतर काही शाखांतही अधिकारी होता येऊ लागले, तरी प्रबोधिनीचे दार मिटलेलेच होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मुलींना प्रवेश परीक्षेस बसू द्यावे असा आदेश दिला, तेव्हा २०२२ मध्ये एकोणीस मुलींची पहिली तुकडी आत गेली. त्यांतल्या सतरा जणी तीन वर्षांचे खडतर शिक्षण पुरे करून ३० मे २०२५ च्या दीक्षान्त संचलनात मुलांच्या खांद्याला खांदा लावून चालल्या. आपण खडकवासल्याला धरण पाहायला आणि भाजलेले कणीस खायला कितीदा गेलो असू. पलीकडचे ते दार आपल्या लेकींसाठी उघडायला त्र्याहत्तर वर्षे लागली!

दार उघडले हे खरे. पण आत गेल्यावर मुलीने शिकायचे काय? पुष्कळांची समजूत अशी की, लष्कर म्हणजे वरच्याने ओरडायचे आणि खालच्याने मुकाट्याने करायचे. मी इतकी वर्षे मुलींची कवायत घेते आहे. त्यावरून सांगते की, लष्करी रिवाज नीट पाहिले तर खालच्यापेक्षा वरच्यालाच ते अधिक बांधून ठेवतात.

साधा कवायतीचा हुकूम घ्या. "दाहिने" म्हणून हुकूम देणारा क्षणभर थांबतो आणि मग "मुड" म्हणतो. पहिल्या शब्दाने तो सांगतो, मी काय मागणार आहे; थांबतो, म्हणजे सर्वांना सावध व्हायला अवधी मिळतो; आणि मगच तो मागतो. सगळे एकत्र वळले नाहीत तर दोष पहिल्यांदा हुकूम देणारीचा, असे मी मुलींना सांगते. आपल्या घरी आपण हुकूम कसे सोडतो, ते ज्याचे त्याने आठवावे!

आता सलामी. टोपी घातलेली असेल तरच सलामी देतात. डोके उघडे असेल तर सावधान उभे राहतात. हाताचा पंजा उघडा असतो. हातात शस्त्र नाही, मनात किल्मिष नाही, असा त्याचा अर्थ सांगतात. पण मुख्य गोष्ट निराळीच आहे. ही सलामी माणसाला नसते, राष्ट्रपतींनी त्याला दिलेल्या अधिकारपदाला असते. म्हणून ती घेणाऱ्याने उलट सलामी दिलीच पाहिजे. न देणे हा उर्मटपणा समजला जातो.

आणि याहून सुंदर रिवाज ऐका. बावीस वर्षांचा कोवळा लेफ्टनंट पलटणीत जातो. तेथे वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेला, केस पिकलेला सुभेदार त्याला कडक सलामी देतो. पण बोलताना तो लेफ्टनंट त्या सुभेदाराला "साहेब" म्हणतो आणि काम त्याच्याकडून शिकतो. पद एकाचे, अनुभव दुसऱ्याचा, आणि मान दोघांचाही. सासू-सुनेला, मुख्याध्यापिका आणि जुन्या शिपाईमामांना हा रिवाज लागू केला तर किती भांडणे वाचतील!

जेवणाचेही तसेच. पलटणीतला चांगला अधिकारी जवानांचे जेवण झाले की नाही ते पाहतो, मग आपल्या ताटाकडे वळतो. "बडा खाना" असतो त्या दिवशी अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, आणि अधिकारी जवानांना वाढतात. डेहराडूनच्या लष्करी अकादमीचे १९३२ साली उद्घाटन करताना सरसेनापती चेटवुड यांनी अधिकाऱ्यांना एक क्रम घालून दिला होता : देश पहिला, हाताखालची माणसे दुसरी, स्वतःचे सुख सर्वांत शेवटी, आणि हा क्रम कधीही बदलायचा नाही. माणूस परक्या राजवटीचा, पण ते शब्द स्वतंत्र भारताच्या सैन्याने टाकले नाहीत, कारण ते खरे आहेत.

हा क्रम नुसता भिंतीवर लिहिण्यापुरता नाही. कारवारकडचे रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्समध्ये सेकंड लेफ्टनंट होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले, तेव्हा वाट सुरुंगांनी आणि अडथळ्यांनी भरलेली होती. राणे यांची मांडी जखमी झालेली. तरीही ते रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरकत राहिले आणि दोरी ओढून चालकाला कधी थांबायचे, कधी चालायचे ते खुणावत राहिले. वाट मोकळी झाली, रणगाडे राजौरीला पोचले आणि राणे यांना परमवीरचक्र मिळाले. पुढारी म्हणजे मिरवणुकीत गळ्यात हार घालून पुढे चालणारा, असे आपल्याला वाटते. येथे पुढारी रणगाड्याच्या पोटाखाली होता!

आपल्या मुलींना रणगाडे कोठले? पण क्रम तोच असतो. एका शिबिरात तपासणीच्या वेळी आमच्या एका तंबूत अंथरुणाखाली खरकटा डबा सापडला. अधिकाऱ्यांनी विचारले, "हा कोणाचा?" त्या तुकडीची सार्जंट नववीतली, भाजी विकणाऱ्या बाईची मुलगी. ती एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, "तुकडी माझी आहे, सर. मी पाहायला हवे होते." तिने शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या घेतल्या. दुसऱ्या फेरीला डबा ठेवणारी मुलगी रडत रडत तिच्या मागे धावू लागली, आणि तिसऱ्या फेरीला सगळी तुकडी. मी त्यांना कोणतेही व्याख्यान दिले नव्हते. ती सार्जंट पुढे सैन्यात गेली नाही. आज ती एका सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, आणि रात्रपाळीला आपल्या वॉर्डातले सगळे रोगी झोपल्यावरच ती डबा उघडते, असे तिची आई अभिमानाने सांगते. मुलींना कवायत शिकून करायचे काय, या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे.

मुलींनो, तुमच्यासाठीही एक शब्द. बाहीवर फीत लागली की आवाज चढतो, हे मी पाहिले आहे. फीत हा दागिना नाही. ती लागल्या दिवसापासून पाण्याच्या रांगेत तुमचा नंबर शेवटचा. आणि आज्ञा पाळायची म्हणजे डोळे मिटून पाळायची असेही नाही. आपला १९५० चा सैन्यविषयक कायदासुद्धा वरिष्ठाची कायदेशीर आज्ञा मोडणे हाच गुन्हा मानतो. कोणी खोटे करायला सांगितले, दुबळ्याला छळायला सांगितले, तर "नाही, सर" हेही शिस्तीतलेच उत्तर आहे. ते सावधान उभे राहून, आवाज न चढवता द्यावे, इतकेच.

आता भगिनींनो, तुमच्याकडे वळते. छात्रसेनेत शिस्तीची चार सूत्रे शिकवतात : हसतमुखाने आज्ञा पाळा, वेळ पाळा, गाजावाजा न करता कष्ट करा, सबबी सांगू नका, खोटे बोलू नका. पहिली तीन मी शाळेच्या मैदानावर शिकवू शकते. चौथे मात्र तुमच्या स्वयंपाकघरात शिकवले जाते किंवा पुसले जाते. मुलगी मामाच्या लग्नाला जाते आणि सोमवारी माझ्या हातात चिठ्ठी येते : "ताप आल्यामुळे परेडला येऊ शकली नाही." हाताला मेंदी लावलेली असते! त्या चिठ्ठीवर सही आईची असते. मुलगी त्या दिवशी शिकते की, सूत्रे पाठ म्हणायची असतात आणि जगायचे असते निराळेच. "लग्न होते, म्हणून आली नाही" असे लिहा. मी एक फेरी जास्त पळवीन, पण मुलीची मान ताठ राहील.

आणि तिला मैदानावरून फार लवकर घरी बोलावू नका. सातारा जिल्ह्यातले कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याच्या आघाडीवर धारातीर्थी पडले. मागे पत्नी स्वाती महाडिक आणि दोन लहान मुले. स्वातीताईंनी त्यानंतर निवड-परीक्षा दिली, आपल्याहून किती लहान मुलींबरोबर चेन्नईच्या अकादमीत धावल्या, आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट झाल्या. त्या अकरा महिन्यांच्या शिक्षणात मुले कोणीतरी सांभाळली असतीलच ना? एक स्त्री पुढे चालते तेव्हा मागे घर धरून ठेवणारे हात लागतात. ते हात होण्याचे काम मंडळाचे आहे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. पुढचे शिबिर दहा दिवसांचे आहे. ज्या मुलीची आई कामाला जाते, धाकटे भावंड सांभाळायला कोणी नाही म्हणून जिचे नाव गळते, तिच्या घरचे ते दहा दिवस मंडळातील भगिनींनी वाटून घ्यावेत. यादी माझ्या पिशवीत आहे. अशी पाच घरे आहेत. चहाच्या वेळी मी ती घेऊन येथेच, दाराशी उभी राहीन. ज्या पहिल्या येतील त्यांना माझ्या छात्रा सलामी देतील, आणि उलट सलामी कशी द्यायची तेही शिकवतील.

इतके बोलून मी आपली रजा घेते. जय हिंद!